रोखे फंड: मॅनेजर हवा की इंडेक्स पुरे?

जालन्यात पैशाच्या वाटा ठरलेल्या आहेत. सळईचा कारखाना, बियाण्यांचा व्यापार किंवा मोसंबीची बाग, कुठूनही चार पैसे सुटले की सोने, प्लॉट नाहीतर बँकेत एफडी. आता या यादीत रोखे फंडही येऊ लागले आहेत. सरकारला आणि कंपन्यांना कर्ज देणाऱ्या या फंडांचे दोन प्रकार आहेत: रोखे निवडण्याचे काम मॅनेजरवर सोपवणारा सक्रिय फंड आणि ठरलेल्या निर्देशांकाबरहुकूम चालणारा इंडेक्स फंड.

गैरसमज: रोखे फंड म्हणजे दुसरी एफडीच.

वस्तुस्थिती: बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विमा असतो, फंडाला नसतो. शिवाय व्याजदर चढले की जुन्या रोख्यांचे भाव उतरतात. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर 4 वरून 6.5 टक्क्यांवर नेला, तेव्हा लांब मुदतीच्या फंडांना याची झळ बसली. फंडाचे मॉडिफाइड ड्युरेशन, म्हणजे दर बदलले की भाव किती हलतो हे सांगणारा आकडा, 5 असेल आणि बाजारातले दर एका टक्क्याने वाढले, तर युनिटचा भाव साधारण 5 टक्क्यांनी खाली येतो. फंड सक्रिय असो वा इंडेक्स, हे गणित बदलत नाही.

गैरसमज: मॅनेजर असला की पैसा जास्त सुरक्षित.

वस्तुस्थिती: फ्रँकलिन टेम्पलटन या फंड कंपनीने 23 एप्रिल 2020 रोजी बंद केलेल्या सहाही रोखे योजना सक्रिय होत्या. त्यांत सुमारे 25 हजार कोटी रुपये होते. कमी मानांकनाच्या कंपन्यांचे, जास्त व्याजाचे रोखे मोठ्या प्रमाणात घेतलेले. कोविडच्या धक्क्यात त्यांना गिऱ्हाईकच मिळेना. पैसे पुढे टप्प्याटप्प्याने परत मिळाले, पण ऐन गरजेच्या वेळी ते अडकून पडले.

याउलट डिसेंबर 2019 मध्ये आलेला भारत बाँड ईटीएफ, म्हणजे शेअर बाजारात खरेदी-विक्री होणारा इंडेक्स फंड, फक्त ‘एएए’ या सर्वोच्च मानांकनाचे सरकारी कंपन्यांचे रोखे घेतो. एप्रिल 2023 आणि एप्रिल 2030 अशा मुदती त्याने आधीच जाहीर केल्या होत्या. मात्र ही सुरक्षितता त्याने निवडलेल्या निर्देशांकाची आहे, ‘इंडेक्स’ या पाटीची नव्हे.

गैरसमज: अर्धा-एक टक्का खर्चाने काय बिघडते?

वस्तुस्थिती: रोख्यांचा परतावाच बेताचा, त्यामुळे खर्च लगेच जाणवतो. 5 लाख रुपये 10 वर्षांसाठी ठेवले आणि रोख्यांनी वर्षाला 7 टक्के दिले असे धरू. खर्च 1 टक्का असेल तर हाती साधारण 8 लाख 95 हजार येतात, 0.2 टक्के असेल तर 9 लाख 65 हजार. फरक 70 हजारांचा. तो भरून काढायचा तर मॅनेजरला बहुधा मुदत लांबवावी लागते, नाहीतर कमकुवत कर्जदाराला पैसे द्यावे लागतात.

गैरसमज: मग सगळा पैसा इंडेक्समध्येच टाकावा.

वस्तुस्थिती: मोसंबीच्या बहाराचे पैसे जूनमध्ये बियाण्या-खतासाठी लागणार असतील, तर 2030 ची मुदत असलेला इंडेक्स फंड काय कामाचा? त्यासाठी अगदी कमी मुदतीचे रोखे घेणारा सक्रिय लिक्विड फंड सोयीचा. मुलीच्या शिक्षणाचे वर्ष ठरलेले असेल, तर त्याच सुमारास मुदत संपणारा इंडेक्स फंड जुळतो. डीमॅट खाते फक्त ईटीएफला लागते, साध्या इंडेक्स फंडाला नाही.

करात मात्र दोघांत डावे-उजवे नाही. 1 एप्रिल 2023 पासून घेतलेल्या अशा फंडांचा नफा, तो कितीही वर्षांनी काढला तरी, उत्पन्नात मिळवला जातो आणि त्यावर स्लॅबप्रमाणे कर लागतो.