ग्रे संकेत

ग्रे संकेत ही ० आणि १ या दोनच अंकांनी बनलेल्या द्विमान संकेतांची विशिष्ट क्रमवारी आहे. तिच्यातील लगतच्या कोणत्याही दोन संकेतांमध्ये केवळ एका स्थानावरील अंक वेगळा असतो. बेल प्रयोगशाळेतील संशोधक फ्रँक ग्रे यांच्या नावावरून ती ओळखली जाते. त्यांनी १९४७ साली केलेल्या पेटंट-अर्जात तिला 'परावर्तित द्विमान संकेत' असे म्हटले होते. हे पेटंट १९५३ साली मंजूर झाले.

गरज

नेहमीच्या द्विमान पद्धतीत ३ ही संख्या ०११ अशी, तर ४ ही संख्या १०० अशी लिहितात. म्हणजे ३ वरून ४ वर जाताना तिन्ही अंक बदलतात. फिरत्या दांड्याचा कोन मोजणाऱ्या यंत्रात हे बदल तंतोतंत एकाच क्षणी होत नाहीत. नेमके त्याच वेळी वाचन झाल्यास १११, म्हणजे ७, असे भलतेच उत्तर मिळू शकते. ग्रे संकेतात एकच अंक बदलत असल्याने वाचन आधीचे तरी येते किंवा नंतरचे तरी.

परावर्तनाची रीत

प्रारंभी ०, १ ही यादी घ्यावी. तिच्याखाली तीच यादी उलट क्रमाने लिहावी. वरच्या अर्ध्या भागातील संकेतांच्या डावीकडे ० आणि खालच्या भागातील संकेतांच्या डावीकडे १ जोडावा. त्यातून ००, ०१, ११, १० ही यादी मिळते. हीच कृती पुन्हा केल्यास तीन अंकी क्रमवारी तयार होते:

०००, ००१, ०११, ०१०, ११०, १११, १०१, १००

दोन्ही भाग जिथे जुळतात तिथे मूळ संकेत व त्याचे प्रतिबिंब सारखेच असतात. म्हणून फरक केवळ नव्या अंकाचा राहतो. शेवटचा व पहिला संकेत यांतही एकाच अंकाचा फरक असतो.

थेट रीत

वरील रीतीत संपूर्ण यादी संगणकाच्या स्मृतीत ठेवावी लागते. २० अंकी संकेतांसाठी ती १०,४८,५७६ ओळींची होते. आज्ञावलीत म्हणून पुढील रीत सोयीची ठरते:

१. क्रमांक द्विमान पद्धतीत लिहावा (मोजणी ० पासून). उदा. ५ = १०१.
२. तो एक स्थान उजवीकडे सरकवावा. शेवटचा अंक गळतो. उदा. ०१०.
३. दोन्हींतील अंकांची स्थानानुसार तुलना करावी. अंक भिन्न असल्यास १, समान असल्यास ० लिहावा. उदा. १११.

यातील तिसऱ्या क्रियेस 'एक्सऑर' म्हणतात. वरील यादीत क्रमांक ५ चा संकेत १११ हाच आहे.

उपयोग

कोनमापक यंत्रांखेरीज तर्कशास्त्रीय परिपथ सुलभ करणाऱ्या कार्नो आकृतीत ओळी व स्तंभ याच क्रमाने मांडतात.