धनुष्य किती पौंडांचें असावें?

गेल्या दिवाळीच्या सुटीनंतर सावेडींतील आमच्या एका विद्यार्थ्यानें आम्हांस विचारलें, “सर, मला किती पौंडांचें धनुष्य झेपेल?” त्याच्या वडिलांनीं हौसेनें 40 पौंडांचें धनुष्य आणिलें होतें, आणि आठ दिवसांत मुलाचा खांदा धरला होता. हाच प्रश्न आतां इतरहि घरांतून निघूं लागला आहे. म्हणून त्याचा येथें थोडा विचार करूं.

ही आवड वाढण्याचें कारण उघड आहे. 2021 सालीं फलटण तालुक्यांतील सरडे गांवचा प्रवीण जाधव टोकियोच्या ऑलिंपिक सामन्यांत उतरला. पुढें 2023 च्या ऑगस्टांत साताऱ्याच्या अदिति स्वामी हिनें बर्लिन येथें, वयाच्या अवघ्या 17 व्या वर्षीं, जागतिक अजिंक्यपद मिळविलें; त्याच दिवशीं नागपूरच्या ओजस देवतळे यानें अंतिम सामन्यांत 150 पैकीं 150 गुण घेऊन पुरुषांचें पद जिंकलें.

धनुष्याचे पौंड म्हणजे त्याचें वजन नव्हे. दोरी ठराविक अंतरापर्यंत, साध्या धनुष्याच्या बाबतींत बहुधा 28 इंचांपर्यंत, ओढून धरण्यास जें बळ लागतें, तें पौंडांत सांगतात. 20 पौंडांचें धनुष्य ओढणें म्हणजे सुमारें 9 किलोंचा भार बोटांवर पेलणें होय. ज्याचे हात आंखूड, त्याची ओढ कमी. दर इंचामागें सुमारें 2 पौंड भार उणा होतो.

भार अधिक, तर बाणाचा वेग अधिक व त्याची वाट सरळ, हें खरें. ऑलिंपिकांत 70 मीटरांवर नेम धरावयाचा असतो. म्हणून तेथील पुरुष खेळाडू बहुधा 45 ते 50 पौंडांचें धनुष्य वापरितात. परंतु ती पुष्कळ वर्षांच्या सरावाची कमाई आहे. अदिति व ओजस यांचें ‘कंपाउंड’ धनुष्य निराळें. त्याच्या टोकांस चक्रें असतात. दोरी पूर्ण ओढली कीं निम्म्याहून अधिक भार उतरतो. तरीहि स्पर्धेंत त्यास 60 पौंडांची मर्यादा घातलेली आहे.

अमेरिकेंत टर्की पक्ष्याची धनुष्यानें शिकार करणाऱ्यांपुढेंहि हाच प्रश्न असतो. तेथील कांहीं राज्यांच्या कायद्यानें किमान भार ठरविला आहे, कारण दुबळा बाण प्राण्यास केवळ जखमी करून तळमळत ठेवितो. पण त्या पक्ष्याची दृष्टि फार तीक्ष्ण; शिकाऱ्याचा हात थरथरला कीं तो निसटलाच. म्हणून जाणते शिकारी अतिभारी धनुष्य टाळितात. आपल्या देशांत 1972 च्या कायद्यानें वन्य प्राण्यांची शिकार बंद आहे. आपलें लक्ष्य कागदाचेंच असावें.

मग निवड कशी करावी? लहान मुलांस 10 ते 15 पौंड, हायस्कुलांतील मुलामुलींस 16 ते 24 पौंड, हा आरंभ बरा. त्यांतहि अंगलोट पाहावी. परीक्षा सोपी आहे. लक्ष्याकडे तोंड करून, धनुष्य आकाशाकडे न उचलतां, दोरी सावकाश हनुवटीपर्यंत ओढावी आणि दहा अंक मोजेपर्यंत धरावी. मग ती तशीच हळूच मागें सोडावी. बाणाविना दोरी झटक्यानें कधींहि सोडूं नये, धनुष्य मोडतें. हात कांपला, कंबर वांकली किंवा खांदा कानाकडे चढला, तर तें धनुष्य भारी समजावें. खरें बळ दंडाचें नसून पाठीचें असतें, व पाठ हळूंहळूच तयार होते. शंभर बाण सारख्या ढबीनें सुटूं लागले, म्हणजे 2 पौंड वाढवावे. भार बदलला कीं बाणहि त्याच्या जोगे घ्यावे.

पालकांस एक विनंति. वाढत्या वयांतील सांधे कोंवळे असतात. शेजाऱ्याच्या मुलाचे पौंड पाहून आपल्या मुलाचे ठरवूं नका. शौल राजानें दावीदास आपलें चिलखत घातलें, तेव्हां तें सवयीचें नाहीं म्हणून त्या मुलानें तें निमूटपणें उतरविलें, आणि आपल्या हातास ठाऊक असलेली गोफण घेतली. त्यांत त्यास लाज वाटली नाहीं.

आमच्या त्या विद्यार्थ्यानेंहि आतां 18 पौंडांचें धनुष्य घेतलें आहे. खांदा बरा आहे, आणि बाण लक्ष्यावर लागूं लागले आहेत.