पदवीनंतर ग्रंथालयाचे दार

विद्यापीठाची पदवी हाती पडते, त्याच सुमारास विद्यार्थ्याच्या हातून एक मौल्यवान वस्तू नकळत निसटते. ती म्हणजे ग्रंथालयाचे सभासदत्व. पूर्वी या हानीची झळ फारशी जाणवत नसे. अनेक ठिकाणी अनामत रक्कम भरून माजी विद्यार्थी वाचनकक्षात बसू शकत व कपाटातील नियतकालिके चाळू शकत. आता बहुतांश संशोधन-नियतकालिके संगणकावर आली आहेत आणि विद्यापीठाचे खाते बंद होताच ती दिसेनाशी होतात.

यामागील कारण व्यवहाराचे आहे. छापील ग्रंथ ग्रंथालय विकत घेते. तो कोणास वाचावयास द्यावा, हे तेच ठरवते. ई-नियतकालिकांसाठी मात्र प्रकाशकाशी वार्षिक परवाना-करार करावा लागतो. मालकीचा गाळा आणि भाड्याचा गाळा यांतील भेद व्यापारी कुटुंबांस सांगावयास नको. करारात ‘अधिकृत वाचक’ कोण, हे लिहिलेले असते. त्यात साधारणतः विद्यमान विद्यार्थी, अध्यापक व कर्मचारी येतात. वर्गणीही बहुधा त्यांच्या संख्येवरून ठरते. माजी विद्यार्थी सहसा त्या यादीबाहेर राहतात.

प्रकाशकांची भीती अगदीच निराधार नाही. पदवीधर ज्या कंपनीत नोकरी करतो, ती स्वतःची वर्गणी न भरता त्याच्या खात्यावरून काम भागवील, अशी त्यांना शंका वाटते. म्हणूनच अशी सवलत जेथे मिळते, तेथेही बहुधा व्यक्तिगत अभ्यासापुरतीच मुभा असते, व्यावसायिक उपयोगास नसते.

तथापि करारात जे वगळलेले असते, ते वाटाघाटीने समाविष्टही करता येते. १९९५ मध्ये स्थापन झालेली ‘जेस्टोर’ ही ना-नफा संस्था सभासद विद्यापीठांना त्यांच्या माजी विद्यार्थ्यांसाठीही संग्रह खुला करण्याची सोय देते. अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या पदवीधरांना तिचा लाभ मिळतो. ‘एब्स्को’ या कंपनीनेही आपल्या व्यापारविषयक संग्रहाची माजी विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र आवृत्ती काढली आहे. मूळ संग्रहातील सर्वच नियतकालिके मात्र तीत नसतात.

भारतात ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या योजनेस केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी मान्यता दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद असून ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके तिच्या कक्षेत आहेत. शासकीय संस्थांतील सुमारे १ कोटी ८० लाख विद्यार्थी, अध्यापक व संशोधक हे तिचे लाभार्थी आहेत. ज्यांचे शिक्षण संपले, ते मात्र या गणनेत नाहीत. विवाहानंतर गाव बदललेली आणि काही वर्षांच्या खंडानंतर पुन्हा अभ्यासाकडे वळू पाहणारी एम.कॉम. कन्या, किंवा दुकान सांभाळून रात्री अर्थशास्त्र वाचणारा पदवीधर, यांची जिज्ञासा पदवीसमवेत संपलेली नसते. अशांस एकेक लेख विकत घेऊन वाचणे परवडत नाही.

तोपर्यंत काही दारे उघडी आहेत. अनेक परवाना-करारांत ग्रंथालयात प्रत्यक्ष येणाऱ्या वाचकास तेथील संगणकावर वाचण्याची मुभा असते. ती आपल्या विद्यापीठात आहे काय, हे ग्रंथपालांस विचारावे. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगा’वर भारतीय विद्यापीठांतील प्रबंध सर्वांस विनामूल्य वाचता येतात. आयआयटी खरगपूरने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयही सर्वांस खुले आहे. जेस्टोरवर विनामूल्य व्यक्तिगत खाते उघडल्यास दरमहा १०० लेखांपर्यंत वाचन करता येते.

परंतु कायमस्वरूपी उपाय माजी विद्यार्थी संघांच्याच हाती आहे. ग्रंथालयाच्या इमारतीस देणगी देणारे दाते पुष्कळ भेटतात. तेथील वर्गणीसाठी देणगी देणारा विरळा. ज्याप्रमाणे मुद्दल ठेव म्हणून राखून व्याजातून शिष्यवृत्ती दिली जाते, त्याचप्रमाणे एखाद्या संघाने निधी उभारून त्याच्या व्याजातून माजी विद्यार्थ्यांच्या वाचनाचा वाढीव खर्च उचलणे शक्य आहे. करार नूतनीकरणास येण्यापूर्वीच हा प्रस्ताव ग्रंथपालांपुढे ठेवावयास हवा. स्वाक्षऱ्या झाल्यानंतर मुदत संपेपर्यंत थांबणेच भाग पडते. वास्तूवर कोरलेले नाव अनेकांच्या दृष्टीस पडते, हे खरे. पण अशा देणगीमुळे दूरच्या गावी एखाद्या घरी रात्री उशिरा उघडलेला एक लेख, हेही दात्याचे स्मारकच होय.