पेट्रोलने इंजिन धुताना

पेट्रोलमध्ये बुडवलेले फडके आणि जुना ब्रश. कुर्ल्यात तयार झालेली प्रीमियर पद्मिनी आजही जिवापाड जपणारे काहीजण इंजिनावरचा चिकटा असाच काढतात. चिकटा निघतो, हे खरे; पण पेट्रोलची वाफ शून्याखाली सुमारे ४० अंश सेल्सिअसलाही पेटू शकते. हवेपेक्षा जड असल्याने ती जमिनीलगत पसरते आणि बॅटरीच्या तारेची एखादी ठिणगीही तिला पुरते. शिवाय पेट्रोलमध्ये बेंझिन असते. श्वासातून आणि त्वचेतूनही शरीरात जाणारे हे रसायन रक्ताच्या कर्करोगाला कारणीभूत ठरते.

त्यापेक्षा पाण्याने धुता येणारा डीग्रीझर बरा. इंजिन पूर्ण गार झाल्यावर बॅटरीची निगेटिव्ह तार आधी काढावी. कार्ब्युरेटर आणि डिस्ट्रिब्युटरवर प्लास्टिकची पिशवी घट्ट बांधावी. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत ओल शिरली, की ठिणगी भलतीकडे जाते आणि गाडी सुरूच होत नाही. हातमोजे घालून ब्रशने घासावे, मग पाण्याची मंद धार सोडावी. प्रेशर वॉशर नकोच. जुन्या तारांवरचे आवरण बहुधा तडकलेले असते.

खरी काळजी गॅस्केटची. जुन्या गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. ते कोरडे खरवडले किंवा त्यावर कॉम्प्रेसरची हवा मारली, तर उडणारे तंतू फुप्फुसात रुततात आणि आजार कित्येक वर्षांनी डोके वर काढतो. साध्या कापडी मास्कने ते अडत नाहीत. अशी जागा ओली करूनच पुसावी आणि फडके पिशवीत बंद करून टाकावे. गाडीखाली ट्रे ठेवला, तर तेलकट पाणी गटारात जात नाही.