तीस कोटी फेऱ्यांची हमी

लाखभर किलोमीटर चाललेल्या एखाद्या सेकंडहँड गाडीचं बॉनेट उघडा आणि हिशेब करा. गाडी सरासरी ताशी ४० किलोमीटरने चालली असेल, तर तिचं इंजिन २,५०० तास सुरू होतं. मिनिटाला सरासरी २,००० फेरे धरले, तर आतला क्रँकशाफ्ट आजवर ३० कोटी वेळा फिरलाय. चार सिलिंडर असतील, तर पेट्रोलचे ६० कोटी भडके उडालेत. आणि विकणारा सांगतो, ‘इंजिन सीलपॅक आहे साहेब, अजून कुणी उघडलेलं नाही.’ थक्क करणारी गोष्ट ही, की पुष्कळदा ते खरं असतं!

कसं शक्य आहे हे? जरा आत डोकावू. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेतंय, म्हणजे सेकंदाला ५०. प्रत्येक फेऱ्यात पिस्टन एकदा वर जातो, एकदा खाली येतो आणि दोन्ही टोकांना पूर्ण थांबतो. सेकंदात १०० वेळा थांबणं, १०० वेळा पुन्हा सुटणं! दोन थांब्यांमधलं अंतर जेमतेम सात-आठ सेंटीमीटर, आणि तेवढ्यात तो ताशी ४० किलोमीटरच्या आसपास वेग गाठून परत शून्यावर येतो. वर जळणाऱ्या वायूचं तापमान २,००० अंश सेल्सियसच्या पुढे जातं. पिस्टन मात्र ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, आणि शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांनाच वितळतं. मग तो वितळत का नाही? कारण भडका सेकंदाच्या काही सहस्रांश भागात आटोपतो, पाठोपाठ नवी गार हवा आत येते, आणि पिस्टनमधली उष्णता सतत रिंगमधून सिलिंडरच्या भिंतीत, भिंतीतून कूलंटमध्ये आणि खालून ऑइलमध्ये पळत असते.

ऑइलची करामत तर याहून मोठी. इंजिन धावत असताना क्रँकशाफ्ट आपल्या बेअरिंगला जवळजवळ टेकतच नाही. दोघांमध्ये ऑइलचा पापुद्रा असतो, काही मायक्रॉनचा, आपल्या केसाच्या दहाव्या हिश्शाहूनही पातळ. शाफ्ट फिरता फिरता स्वतःच ऑइल त्या फटीत ओढून घेतो आणि तिथे तयार होणाऱ्या दाबावर तरंगत राहतो. धातू धातूवर घासत नाही, म्हणून तर ३० कोटी फेरे होतात.

ही ताकद पुढे गिअरबॉक्समध्ये, तिथून डिफरन्शियलमध्ये आणि मग ड्राइव्हशाफ्टमधून चाकांकडे जाते. डिफरन्शियल हा मला या साखळीतला सगळ्यात देखणा भाग वाटतो. लेझीम पथक चौकात वळतं, तेव्हा आतल्या टोकाचा गडी जवळजवळ जागच्या जागी पावलं टाकतो आणि बाहेरच्या टोकाच्याला लांब ढांगा टाकाव्या लागतात, तरच ओळ सरळ राहते. वळणावर गाडीच्या चाकांनाही हेच करावं लागतं. पण कुणी किती धावायचं, हे त्यांना सांगतं कोण? साध्या डिफरन्शियलमध्ये ना सेन्सर असतो, ना संगणक. काही लहान दातेरी चक्रं एकमेकांत अशी गुंतवलेली असतात, की एक चाक जितकं मागे पडेल तितकंच दुसरं आपोआप पुढे निघतं.

इंजिनापासून ड्राइव्हशाफ्टपर्यंतची ही साखळी म्हणजे पॉवरट्रेन. आणि अनेक कंपन्या बाकी गाडीपेक्षा जास्त वर्षांची हमी देतात ती हिलाच! सगळ्यात जास्त मार खाणाऱ्या भागांवर सगळ्यात लांब हमी? ऐकायला उलटंच वाटतं. पण हे भाग ऑइलमध्ये न्हालेले, बंद खोक्यात, धुळीपासून दूर असतात. बेअरिंगमध्ये किंवा गिअरच्या दातात मुळातच खोट असेल, तर ती बहुधा सुरुवातीलाच उघडी पडते. त्यातून पार पडलेलं इंजिन, ऑइल वेळेवर बदललं तर, वर्षानुवर्षं निमूट चालतं. क्वचित एखादं मध्येच दगा देतं आणि त्याचा खर्च कंपनीने सगळ्या गाड्यांच्या किमतीत आधीच धरलेला असतो.

हा विश्वास लोकांसमोर मांडण्याची चढाओढ अमेरिकेत रंगली. क्रायस्लरने १९६३ च्या मॉडेलांवर पॉवरट्रेनसाठी ५ वर्षं किंवा ५०,००० मैलांची वॉरंटी दिली. त्याआधीच्या हमी फार तर एक-दोन वर्षांच्या असत. पुढे १९८६ मध्ये स्वस्त गाड्या घेऊन ह्युंदाई त्या बाजारात उतरली, आणि थोड्याच वर्षांत दर्जाच्या बाबतीत तिचं नाव खराब झालं. १९९८ मध्ये तिने जाहीर केलं : पॉवरट्रेनवर १० वर्षं किंवा १ लाख मैल. म्हणजे सुमारे १ लाख ६० हजार किलोमीटर! ज्यांच्या दर्जावर लोक शंका घेत होते, त्यांनीच सगळ्यात लांब हमी दिली. आणि तिने ह्युंदाईची पत सावरायला मोठा हात दिला.

सेकंडहँड गाडी घेणाऱ्यासाठी खरी गंमत इथून पुढे आहे. अशी एक ह्युंदाई अमेरिकेत चार वर्षांनी दुसऱ्या कुणी विकत घेतली. त्याला हमीची उरलेली सहा वर्षं मिळतील? नाही. दुसऱ्या मालकासाठी पॉवरट्रेनची हमी ५ वर्षं किंवा ६०,००० मैलांवर येते, आणि वर्षं मोजायची ती गाडी पहिल्यांदा वापरात आली त्या दिवसापासून. हातात उरलं फक्त एक वर्ष! इंजिन तेच, ऑइलचा पापुद्रा तोच, पण कागदावरचं नाव बदललं आणि पाच वर्षं नाहीशी झाली. तीच गाडी कंपनीच्या प्रमाणित सेकंडहँड योजनेतून घेतली, तर मात्र १० वर्षं आणि १ लाख मैल पुन्हा लागू होतात. क्रायस्लरने तर २००७ मध्ये पॉवरट्रेनला आजीवन हमी दिली होती. तीही फक्त पहिल्या मालकाला, आणि दर पाच वर्षांनी तपासणी करून घेण्याच्या अटीवर.

असं का? कंपनीला स्वतःच्या धातूची खात्री आहे. आधीच्या मालकाने ऑइल वेळेवर बदललं की नाही, हे मात्र तिला ठाऊक नाही. प्रमाणित योजनेत ती स्वतः गाडी तपासते, मग तिची भीड चेपते.

ही एवढीशी अडचण किती खोल आहे, हे जॉर्ज अकरलॉफ या अर्थतज्ज्ञाने एका निबंधात दाखवून दिलं. विकणाऱ्याला गाडीचं अंतरंग माहीत, घेणाऱ्याला नाही. मग घेणारा घाबरून सगळ्याच गाड्यांना मधली किंमत देऊ करतो. त्या किमतीत चांगली गाडी विकणं परवडत नाही, म्हणून चांगल्या गाड्या बाजारातून निघून जातात. त्यामुळे उरलेल्यांची सरासरी आणखी घसरते, किंमत आणखी पडते... आणि शेवटी बाजारच कोसळू शकतो. तीन नियतकालिकांनी हा निबंध नाकारला होता! १९७० मध्ये तो छापून आला आणि २००१ मध्ये अकरलॉफ अर्थशास्त्राच्या नोबेलचे एक मानकरी ठरले. भारतीय सावकारीचं उदाहरणही त्यांनी त्यात घेतलंय. आणि या चक्रावर त्यांनी सांगितलेल्या उपायांपैकी एक म्हणजे हमी. हमी दिली, की गाडी बिघडण्याची जोखीम घेणाऱ्याच्या खांद्यावरून देणाऱ्याच्या खांद्यावर जाते. खराब माल असणाऱ्याला ती परवडत नाही. म्हणजे वॉरंटीचा कागद दुरुस्तीचा खर्च तर वाचवतोच, शिवाय विकणाऱ्याला गाडीबद्दल काय वाटतं तेही सांगून टाकतो.

म्हणून त्या कागदावर काय नाही, ते बघण्यात मला जास्त रस आहे. क्लच प्लेट घ्या. मॅन्युअल गाडीची सगळी ताकद तिच्यातूनच चाकांकडे जाते, मग ती पॉवरट्रेन नाही का? आहे. तरी झिजलेली क्लच प्लेट हमीत बसत नाही. अख्ख्या साखळीत सगळीकडे घर्षणाशी वैर आहे, आणि इथे मात्र घर्षण मुद्दाम हवं आहे. झिजणं हेच तिचं काम, आणि ती किती झिजणार हे चालवणाऱ्याचा डावा पाय ठरवतो. घाटात अर्धा क्लच दाबून गाडी धरून ठेवणाऱ्याची प्लेट लवकर संपते. बेल्ट, फिल्टर, स्पार्क प्लग यांचंही असंच. ड्राइव्हशाफ्टच्या टोकाला ग्रीस धरून ठेवणारा रबरी बूट असतो, तोही बऱ्याच करारांत झिजणाऱ्या भागांत मोडतो. तो फाटला की ग्रीस उडून जातं, माती आत शिरते आणि स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी हलवली की ‘टक-टक’ ऐकू येतं. गाडी बघायला गेलात की हा आवाज जरूर ऐका.

आणि पाणी! मुंबईत सांताक्रूझला २६ जुलै २००५ रोजी २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि असंख्य गाड्या पाण्यात गेल्या. साचलेल्या पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करू नका, असं मेकॅनिक कळवळून का सांगतात? १,२०० सीसीच्या चार सिलिंडरच्या इंजिनात एका सिलिंडरच्या वाट्याला ३०० सीसी येतात. पिस्टन पूर्ण वर गेल्यावर डोक्यावर जागा उरते सुमारे ३३ मिलिलिटर. हवा तेवढ्या जागेत दाबली जाते. पाणी जवळजवळ दाबलंच जात नाही. म्हणजे दोन-अडीच मोठे चमचे पाणी आत शिरलं, की वर येणाऱ्या पिस्टनला पुढे वाट नाही आणि पोलादी कनेक्टिंग रॉड वाकतो. दोन-अडीच चमचे! ही खोट कारखान्यातली नाही, म्हणून वॉरंटी इथे लागू होत नाही. साध्या विम्यातही हे सहसा बसत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्टचं वेगळं कवच घ्यावं लागतं. पुराची गाडी ओळखायला सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून चिखलाची रेघ बघा. डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ दिसलं, तर इंजिनात पाणी किंवा कूलंट मिसळलंय.

आपल्याकडे पॉवरट्रेनची वेगळी लांब हमी पेट्रोल-डिझेल गाड्यांवर फारशी दिसत नाही. असते ती पूर्ण गाडीची ठरावीक हमी आणि वर विकत घेतलेली एक्सटेंडेड वॉरंटी. मारुती सुझुकीने जुलै २०२४ मध्ये आपली मूळ हमी २ वर्षं किंवा ४०,००० किलोमीटरवरून ३ वर्षं किंवा १ लाख किलोमीटरवर नेली. वर्षं आणि किलोमीटर यांतलं जे आधी संपेल, तिथे हमी संपते. त्यामुळे दोन वर्षांत लाखभर किलोमीटर पळालेल्या गाडीवर ‘अजून एक वर्ष वॉरंटी आहे’ असं कुणी म्हणत असेल, तर ते खरं नाही. सेकंडहँड गाड्या विकणारे स्वतः देतात ती हमी बहुतेकदा सहा महिन्यांची किंवा वर्षभराची, आणि पुष्कळदा इंजिन-गिअरबॉक्सपुरती. हा करार वेगळा, देणारा वेगळा. क्लेमला कमाल रक्कम किती आणि बाहेरून बसवलेल्या सीएनजी किटबद्दल काय म्हटलंय, ते त्यातच शोधायचं.

इलेक्ट्रिक गाड्यांत पिस्टन नाहीत, भडके नाहीत. मग हा प्रश्न संपला? मुळीच नाही, तो बॅटरीवर जाऊन बसला. महिंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये आणलेल्या इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटरीवर खासगी नोंदणी असलेल्या पहिल्या मालकाला आजीवन हमी आहे. गाडी दुसऱ्याच्या नावावर गेली, की ती १० वर्षं किंवा २ लाख किलोमीटर होते. यंत्र पार बदललं, पण अनोळखी मालकाबद्दलची शंका जशीच्या तशी राहिली.

तेव्हा सेकंडहँड गाडी आवडली, तर बयाणा देण्याआधी आरसीवरचा चॅसी नंबर घ्या आणि गाडी विकणाऱ्याला सोबत घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये जा. गाडी पहिल्यांदा कधी विकली गेली, प्रत्येक सर्व्हिसला मीटर किती होता, ऑइल कधी बदललं, हमी किती उरली आणि ती तुमच्या नावावर होईल का, हे तिथे विचारा. एक्सटेंडेड वॉरंटी असेल, तर ती नावावर करून घेण्याचा अर्ज गाडीच्या कागदपत्रांबरोबरच भरा. आरटीओत आरसीवरचं नाव बदललं, म्हणून वॉरंटीवरचं नाव आपोआप बदलेल, हे गृहीत धरू नका.