मोवरचं टॅपेट सेटिंग

अमेरिकेच्या उपनगरांत ज्या घराला अर्धा-एक एकराचं आवार असतं, तिथल्या गॅरेजमध्ये मोटारींच्या शेजारी बसून चालवायचा मोवरही उभा असतो. तिथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही तो ओळखीचा आहे. वसंतात गवत दर आठवड्याला कापावं लागतं आणि नेमका तेव्हाच तो सुरू व्हायला नकार देतो. दुकानात न्यायचा तर ट्रेलर हवा, आणि ऐन हंगामात दुरुस्तीची रांग मोठी. त्यामुळे अनेक जण तो घरीच उघडतात. मला ही सवय फार मोलाची वाटते.

गवत कापायचं यंत्र मुळात इंग्लंडचं. कापडावरची लव कातरणारं गिरणीतलं यंत्र पाहून स्ट्राउडच्या एडविन बडिंगने १८३० मध्ये ते बेतलं. बसून चालवायचा जॉन डीअर कंपनीचा ‘११०’ हा लॉन ट्रॅक्टर १९६३चा. आजच्या मोवरची रचनाही तशी सरळ आहे. बॉनेटखाली हवेने थंड होणारं एक किंवा दोन सिलिंडरचं इंजिन, त्याचा क्रँकशाफ्ट उभा. त्याच्या खालच्या टोकावरून एक पट्टा मागच्या चाकांकडे जातो, दुसरा पोटाखालची पाती फिरवतो. बाकी १२ व्होल्टची बॅटरी, सोलेनॉइड, स्टार्टर आणि थोड्या तारा.

हिवाळाभर टाकीत राहिलेलं पेट्रोल हे नेहमीचं दुखणं. तिकडच्या पेट्रोलमध्ये साधारण १० टक्के इथेनॉल असतं. ते हवेतली ओल शोषतं, आणि शिळं पेट्रोल कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये चिकट थर धरतं. कार्ब्युरेटर उतरवून जेट साफ केला की बहुतेकदा काम होतं.

खरा चकवा वेगळाच आहे. किल्ली फिरवली की इंजिन अर्धा फेरा घेतं आणि अडतं. मालक बॅटरी बदलतो, मग स्टार्टर बदलतो, पैसे जातात, इंजिन पुन्हा तिथेच अडतं. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनच्या एक-सिलिंडर ओएचव्ही इंजिनांत हे वारंवार दिसतं. सुरू होताना सिलिंडरमधला दाब थोडा सुटावा म्हणून कॅमशाफ्ट एक झडप किंचित उचलून धरतो. झडपेची फट वाढली की ती उचल पोचतच नाही, आणि पूर्ण दाबाविरुद्ध स्टार्टरचा जोर अपुरा पडतो. उपाय म्हणजे ज्यांनी कधी बुलेट राखली त्यांना तोंडपाठ असलेलं टॅपेट सेटिंग. इंजिन थंड असताना झडपांवरचं झाकण काढायचं, पिस्टन वरच्या टोकावरून पाव इंच खाली आणायचा आणि फीलर गेजने फट जुळवायची. या कंपनीच्या ‘इंटेक’ नावाच्या इंजिनांत इनटेक झडपेला ०.००३ ते ०.००५ इंच, एक्झॉस्ट झडपेला ०.००५ ते ०.००७ इंच. आपल्या इंजिनाचा आकडा मात्र त्याच्याच पुस्तिकेतून घ्यावा. या कामाला नवा सुटा भाग लागतो तो फार तर झाकणाचं गॅस्केट.

पातं झाडाच्या बुंध्यावर आपटून इंजिन एकदम बंद पडलं असेल, तर फ्लायव्हीलची चावी पाहावी. मऊ धातूची ही छोटी चावी तुटली की ठिणगी चुकीच्या क्षणी पडते. चावी स्वस्त असते. फ्लायव्हील काढायला पुलर लागतो, तेवढा शेजाऱ्याकडून आणावा.

माझं मत स्पष्ट आहे: आधी कारण शोधावं, मग सुटा भाग विकत घ्यावा. पात्यांना हात लावण्यापूर्वी प्लगची तार काढून बाजूला ठेवा. मोवर वर घ्यायचा असेल, तर नुसत्या जॅकवर विसंबू नका. खाली भक्कम आधार द्या. आणि पाती फिरत असताना माणूस उठला की इंजिन बंद करणारा सीटखालचा स्विच बिघडला, तर तार जोडून त्याला बगल देऊ नका, नवा बसवा. त्या अंगणात मुलं खेळत असतात.