अरबी समुद्राचा बदलता स्वभाव

चक्रीवादळ म्हणजे पूर्व किनाऱ्याचे दुखणे, अशी आपली जुनी समजूत होती. तिला आधारही होता. बंगालच्या उपसागरात चार वादळे उठत, तेव्हा अरबी समुद्रात एखादे उठे. ही समजूत आता टाकून द्यावी लागत आहे. १९८२ ते २००० या काळाशी तुलना करता २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातील वादळे सुमारे ५२ टक्क्यांनी वाढली, असे पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील संशोधकांना आढळून आले आहे.

हा पालट समजण्यासाठी वादळ कशावर जगते, ते आधी पाहू. चक्रीवादळ हे उष्णतेवर चालणारे एक प्रचंड यंत्रच होय. समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे २६.५ अंश सेल्सिअसच्या वर गेले म्हणजे पाण्याची विपुल वाफ होते. ती वर चढून थंडावते, तिचे ढग बनतात, आणि वाफ होताना पाण्याने शोषलेली उष्णता मोकळी होते. त्यामुळे हवा अधिकच वेगाने वर जाते, खाली दाब उतरतो आणि भोवतालची हवा तिकडे धाव घेते. पृथ्वीच्या परिवलनामुळे ती सरळ न जाता वळते, आणि चक्र फिरू लागते.

समुद्र तापला की या यंत्राला जळण अधिक मिळते. शिवाय हवा एका अंशाने तापली की सुमारे ७ टक्के अधिक बाष्प धारण करू शकते. म्हणून पाऊसही अधिक कोसळतो. याचा अर्थ जगभर वादळांची संख्या वाढेलच असा मात्र नव्हे. वाढते ते उग्र वादळांचे प्रमाण, आणि ती उग्रता येण्याचा वेग. २०१७ साली ओखी वादळाने पाहता पाहता जोर धरला, आणि केरळ-तामिळनाडूचे शेकडो मच्छीमार भर समुद्रात सापडले.

आता मार्गाविषयी. वादळाला स्वतःची वाट नसते. वरच्या हवेतील प्रवाह नेतील तिकडे ते जाते. पूर्वी अरबी समुद्रातील बरीच वादळे ओमान-येमेनकडे निघून जात, किंवा समुद्रातच विरत. परंतु ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि श्रीवर्धनच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. मे २०२१ मध्ये 'तौक्ते' केरळ, गोवा, कोकण असा किनारा झोडपीत गुजरातेत शिरले. सर्वच वादळांनी आपला मार्ग बदलला, असे एवढ्यावरून म्हणता येणार नाही. पण तापलेल्या समुद्रावर वादळ अधिक दिवस तग धरते, आणि जे अधिक जगते ते किनाऱ्यापर्यंत पोहोचण्याचा संभवही अधिक.

मग माणसाने करावे काय? जून १९९८ मध्ये कांडला येथे आलेल्या वादळात हजाराहून अधिक माणसे दगावली. जून २०२३ मध्ये त्याच कच्छच्या किनाऱ्यावर 'बिपरजॉय' आले, तेव्हा लाखाहून अधिक लोकांना आधीच सुरक्षित स्थळी हलविले होते. प्राणहानी अगदी अल्प झाली. वाऱ्याला आवर घालणे आपल्या हाती नाही. वेधशाळेची सूचना मिळताच होडी किनाऱ्याला ओढणे, आणि वेळीच घर सोडणे, एवढे मात्र खास आपल्या हाती आहे. पोफळीची बाग पुन्हा उभी करता येते. गेलेला माणूस परत येत नाही.